पाकिटावर 'शुगर फ्री' लिहिले, म्हणून ते कमी कर्बोदकांच्या आहारात बसते का?

कोकमसार (धागाकर्ती):
कमी कर्बोदकांचा आहार सुरू केलेली माणसे पोळी-भात कमी करतात आणि मधल्या वेळच्या भुकेसाठी 'शुगर फ्री', 'मल्टिग्रेन' किंवा 'डाएट' असे छापलेली पाकिटे घरात आणतात, हे आजूबाजूला सर्रास दिसते. माझे मत असे की हा आहार मनापासून पाळायचा असेल, तर पाकिटाची पुढची बाजू वाचूच नये. आपल्या नियमांप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसली की 'शुगर फ्री' म्हणता येते. मात्र तिथे 'साखर' म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज यांसारख्या लहान रेणूंच्या शर्करा. स्टार्चचे विघटन करून बनवलेले माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या ओळीत जवळजवळ येतच नाही, ते एकूण कर्बोदकांत मोजले जाते, आणि रक्तातील ग्लुकोज मात्र ते नेहमीच्या साखरेपेक्षाही झपाट्याने वाढवते.

माझ्यासमोर नाचणी चिप्सचे एक पाकीट आहे. पुढे नाचणीच्या कणसाचे ठसठशीत चित्र आणि 'बेक्ड' हा शब्द. मागे, डोळे बारीक करून वाचावे लागेल अशा अक्षरांत, तांदळाचे पीठ, मक्याचे पीठ, खाद्यतेल, नाचणीचे पीठ (१२%), मसाला, माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्यामुळे नाचणीचा नंबर तेलाच्याही मागे लागला आहे. कर्बोदके १०० ग्रॅमला ६८ ग्रॅम.

हिशेबनीस:
उदाहरण चांगले आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. समजा, नाचणी यादीत पहिली असती, तर काय बदलले असते? नाचणीच्या पिठातही १०० ग्रॅमला साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतातच. कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्याने घटकांची यादी चाळत बसण्यापेक्षा कर्बोदकांचा एकच आकडा पाहावा.

दुसरे असे की मूळ प्रश्न पाकिटात नसून ताटात आहे. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, आणि एकूण कर्बोदके कमी न करता मैदा-तांदळाच्या जागी केवळ गव्हाचे किंवा भरडधान्यांचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसले नाही. आपल्याकडे भाकरीला जे अभय दिले जाते, त्याला हा धक्काच आहे. चार फुलक्यांत साधारण ६० ग्रॅम कर्बोदके जातात. आपल्या चिप्सच्या ३० ग्रॅमच्या वाट्यात २० ग्रॅम. मग झोड कशावर उठवायची?

रात्रपाळी:
मी पाकिटांची बाजू घेणार आहे. रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये मिळते ते वडापाव किंवा पोहे, आणि त्यांच्यावर कोणताही तक्ता छापलेला नसतो. मिसळीच्या रश्श्यात किती साखर टाकली आहे, हे तुम्हाला कोण सांगणार? खारे शेंगदाणे, पनीर, भोपळ्याच्या बिया यांच्या पाकिटांवर निदान आकडे तरी असतात. घरचे ते सगळे चांगले आणि पाकिटातले ते सगळे वाईट, हा सूर ज्यांना वेळेवर घरचा डबा मिळतो त्यांनाच परवडतो.

कोकमसार:
रात्रपाळी, शेंगदाण्यांच्या पाकिटाला माझी हरकत नाही. त्याची घटकांची यादी दीड ओळीत संपते.

हिशेबनीस, एकट्या आकड्यावर विसंबण्याबद्दल मात्र माझा ठाम आक्षेप आहे. 'कीटो' (अगदी कमी कर्बोदकांच्या आहाराची) म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटांवर 'नेट कार्ब' असा आकडा ठळक छापतात आणि तो काढताना एकूण कर्बोदकांतून तंतुमय पदार्थ व साखर-अल्कोहोल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड पदार्थ) वजा करतात. त्यातील एरिथ्रिटॉल रक्तातील ग्लुकोज जवळजवळ वाढवत नाही. माल्टिटॉल मात्र साखरेपेक्षा कमी असले तरी वाढवते, आणि प्रमाण जास्त झाले तर पोटही बिघडवते. वजाबाकीत दोघांना सारखीच सूट! पुष्कळदा यादीत नावही नसते, केवळ सांकेतिक क्रमांक असतो: माल्टिटॉल ९६५, एरिथ्रिटॉल ९६८. शिवाय आपल्या पोषण-तक्त्यात तंतुमय पदार्थांची ओळ सक्तीची नाही, त्यामुळे ती वजाबाकी पडताळून पाहण्याची सोय अनेक पाकिटांवर नसतेच. अशा वेळी घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर काय?

औषधपेटी:
चर्चेत राहून गेलेली एक गोष्ट नोंदवतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची औषधे चालू असताना डॉक्टरांना न विचारता कर्बोदके एकदम तोडली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी करणारा धोकादायक कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. तसेच 'लो-कार्ब आटा' या नावाखाली बहुधा गव्हाचे ग्लुटेन, सोयाबीनचे पीठ आणि इसबगोल यांचे मिश्रण असते. सीलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसणारा आजार) असलेल्या माणसाला ते वर्ज्य आहे, आणि हे कर्बोदकांच्या आकड्यावरून कळणे शक्य नाही.

हिशेबनीस:
माल्टिटॉलचा मुद्दा मान्य, औषधांचाही मान्य. परंतु ज्या घरात तूरडाळ म्हणजे निव्वळ प्रथिने असे समजून भातावर वाट्यामागून वाट्या ओतल्या जातात, तिथे ९६५ आणि ९६८ यांतला फरक शिकवणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जोडणे आहे. कच्च्या तूरडाळीत प्रथिने १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम, आणि कर्बोदके त्याच्या दुपटीहून अधिक. आधी हे कळू द्या.

रात्रपाळी:
डाळीच्या वाटीवर ते छापलेले नाही, हेच तर मी म्हणत होतो.