'डिक्लेरेटिव्ह'ला मराठीत काय म्हणता? (घोषणात्मक सोडून सांगा)

सिडकोकर: दर शनिवारी सिडकोत पोरांना अॅप बनवायला शिकवतो, बहुतेक मराठी मिडियमची, म्हणून नोट्स मराठीत लिहायला घेतल्या आणि जेटपॅक कंपोजपाशी (अँड्रॉइड अॅपची स्क्रीन बनवायचं गूगलचं टूलकिट) गाडी अडली. डिक्लेरेटिव्हला 'घोषणात्मक' लिहिलं तर मागून आवाज आला, "सर, मोर्चाचं अॅप आहे का?" इम्परेटिव्हला 'आज्ञार्थी' मात्र लगेच कळलं. जोडीचा शब्द सुचवा.

शाळामास्तर: जोडी व्याकरणातच आहे की. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, आणि आहे ते नुसतं सांगतो तो स्वार्थ. म्हणून 'स्वार्थी'.

गंगापूररोड: काय काका, क्लायंटला सांगू का, तुमचं अॅप पूर्ण स्वार्थी पद्धतीने बनवलंय? बिल बघून त्याला तसंही वाटतंच 😄

शाळामास्तर: हसा. क्रियापदाचा स्वतःचा अर्थ तो स्व-अर्थ. शब्द तुम्ही लोकांनी नासवला, व्याकरणाने नाही.

ओझरची: मला कोडिंगमधलं काही कळत नाही, पण मुळात ते आहे काय? ते कळल्याशिवाय शब्द कसा सुचणार.

सिडकोकर: ताई, पुराचं अॅप धरा, आपल्या नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून पातळी सांगणारं. जुन्या, म्हणजे इम्परेटिव्ह पद्धतीत पाणी चढलं की एकेक हुकूम सोडायचा, फाइंड व्ह्यू बाय आयडी करून लेबल शोध, रंग लाल कर, बटण लपव, मग पाणी उतरलं की सगळं परत उलटं करायचं, त्यातलं एक जरी विसरलं तरी गोदावरी पात्रात आणि स्क्रीन लालच. कंपोज डिक्लेरेटिव्ह, त्यात फक्त लिहून ठेवायचं की पाणी मारुतीच्या गुडघ्याला तर स्क्रीन अशी, कमरेला तर अशी. पातळी बदलली की कुठला तुकडा नव्याने काढायचा ते कंपोज बघतं. अशी टूलकिट इतरही आहेत, अॅपलचं स्विफ्टयूआय 2019 चं, कंपोज 1.0 2021 चं, गूगलचंच फ्लटर त्याच्याही आधीचं, पण कल्पना हीच.

ओझरची: मग हे वर्णन झालं ना? 'वर्णनात्मक' म्हणा.

गंगापूररोड: तो डिस्क्रिप्टिव्हने आधीच पळवलाय. माझं ऐका, डिक्लेरेटिव्हच ठेवा. पोरगं उद्या पुण्यात इंटरव्ह्यूला जाऊन 'आज्ञार्थी' म्हणालं तर समोरचा पाणी विचारेल.

भगूरचा: असंच म्हणत बसलो असतो तर सावरकरांचा महापौर आला असता का? आज मेयर कोण म्हणतं? 'विधानार्थी' घ्या. विधानार्थी वाक्य, आज्ञार्थी वाक्य, शाळेतच शिकलोय.

गंगापूररोड: दूरध्वनी पण त्यांचाच ना भाऊ? हे कशावरून टाइप करताय, दूरध्वनीवरून?

शाळामास्तर: विधानार्थी हा वाक्याचा प्रकार, मी क्रियापदाच्या अर्थाबद्दल बोलत होतो. दोन्ही याद्यांची मिसळ करू नका.

ओझरची: डिक्लेअरच्या पोटात लॅटिनमधला क्लारुस आहे म्हणे, म्हणजे स्वच्छ, स्पष्ट. मग 'स्पष्टोक्त'? (स्वतःच लिहिलं आणि स्वतःलाच हसू आलं)

सिडकोकर: विधानार्थी बरा वाटतोय, पण लगेच पुढे स्टेट येतं, म्हणजे अॅपमध्ये त्या क्षणी जे असेल ते, जशी पाण्याची पातळी. 'अवस्था' लिहिलं की पोरं म्हणतात काय अवस्था झाली अॅपची, 'स्थिती' फार सरकारी, आणि 'राज्य' तर

भगूरचा: ते नंतर बघू. तुम्ही वर 'कमरेला' लिहिलंय. मराठीत कंबर. कमर हिंदीतून आलंय.

ओझरची: आमच्याकडे कमरच म्हणतात. आई म्हणते कमर धरली.

शाळामास्तर: दोन्ही फारसीतूनच आलेत. शुद्धच हवं तर कटी म्हणा.

गंगापूररोड: पाणी मारुतीच्या कटीला लागलं 😂 उद्या पेपरात हेडिंग द्या.

भगूरचा: कंबर फारसी? शक्यच नाही. 'कंबर कसणे' काय फारसी आहे?

शाळामास्तर: कमरबंद माहितीये ना? कसायचा तोच.

सिडकोकर: मंडळी, नोट्स उद्या झेरॉक्सला द्यायच्यात.

भगूरचा: मग कंबर करा आधी.