सायकलवर कंबर भरून येते. पाठ आणि पोटाचे कोणते व्यायाम करावेत?

पहाटस्वार:
नमस्कार. नागपूरहून रामटेककडे निघालो, की तीसएक किलोमीटरनंतर माझी कंबर भरून येते आणि परतताना वारंवार उतरावे लागते. या हिवाळ्यात मला २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करायची आहे. रोज शंभर सिट-अप्स काढूनही फरक नाही. कृपया नेमके व्यायाम सांगावेत. विश्रांतीचा सल्ला पुष्कळ ऐकून झाला आहे.

सेमिनरी_चढ:
दुखते एका बाजूला की दोन्ही? कळ किंवा मुंग्या पायात उतरतात का? तसे असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे.

जुना_गडी:
शलभासन आणि सेतुबंधासन नियमाने करा. माझी साठी उलटली आहे, तरी मी या दोन आसनांच्या बळावर अजून काटोल रस्त्याने सायकल काढतो.

पंक्चरवाला_मित्र:
२५ ऐवजी २८ मिलिमीटरचे टायर टाकून हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे हादरे कमी बसतील.

पहाटस्वार:
टायरबद्दल मी विचारले नव्हते. कळ पायात जात नाही, उजवी बाजू जास्त भरते. सायकल दोन महिन्यांपूर्वी मोठ्या भावाकडून घेतली. सीट होती तशीच आहे.

सेमिनरी_चढ:
हे आधी सांगायला हवे होते! पेडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला हवा. सीट उंच असली, की पाय पोहोचवण्यासाठी कंबर प्रत्येक फेरीला डुलते आणि तिला सावरता सावरता पाठीचे स्नायू थकतात. सिट-अप्स थांबवा, कारण त्यांत कणा पुन्हा पुन्हा वाकतो, तर सायकलवर धडाचे काम स्थिर राहण्याचे असते. पाठीच्या दुखण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेल्या व्यायामांपैकी बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे ताणणे) आणि साइड प्लँक (कुशीवर एका कोपरावर शरीर सरळ उचलून धरणे) दहा-दहा सेकंद धरून करा, जोडीला ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलणे) घ्या. बर्ड-डॉग करताना कमरेवर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवा.

जुना_गडी:
ग्लूट ब्रिज म्हणजे आमचे सेतुबंधासनच की! मग आसनांना कमी का लेखता?

सेमिनरी_चढ:
कमी लेखत नाही, काका. पण शलभासनात एका कुशीचे स्नायू लागत नाहीत, ते साइड प्लँकमध्ये लागतात.

पहाटस्वार:
सीट दोन सेंटिमीटर खाली घेतली. डावा पाय मागे नेला तर वाटी जागची हलत नाही, उजवा नेला की पाणी सांडते. आता उजव्या बाजूच्या फेऱ्या वाढवू का?

सेमिनरी_चढ:
एक फेरी वाढवा, पण धरण्याचा वेळ दहा सेकंदच ठेवा. रविवारी रामटेक नको, जवळच्या फुटाळा तलावापर्यंतच जाऊन या आणि कंबर कशी राहते ते इथे लिहा.