जि.प. शाळेत आफ्रिकेचे ढोल अन् नाच कसे शिकवावे?

प्रश्न, धारणीकडची मॅडम:
चौथी-पाचवीच्या लेकरांना आफ्रिकेतले ढोल अन् नाच शिकवायचे हायेत, जेंबे ढोल वगैरे काही नाई आमच्याकडं, निस्ता व्हिडिओ लावून काय होते, सुरुवात कुठून करू?

उत्तर १:
मॅडम, आधी नकाशा काढा, 54 देश हायेत तिथं, 'आफ्रिकन नाच' म्हणून सगळं एकात कोंबू नका. जेंबे गिनी-मालीकडचा, बकरीचं कातडं, हातानंच वाजवतात. मूळ ठोके तीन, बेस, टोन अन् स्लॅप. बेस मधोमध तळहातानं, बाकी दोन काठावर बोटांनी. रिकाम्या तेलाच्या डब्यावरबी लेकरं पटकन पकडतात.

उत्तर २:
मी तर गमबूट (रबरी बुटांचा) नाच घेईन! दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या मजुरांचा, बुटावर थापा मारायच्या, पाय आपटायचे, वाद्य लागतच नाई. फवारणीचे बूट मात्र अजिबात आणू देऊ नका, औषध लागलेलं असते. अन् त्या मजुरांचे हालबी सांगा लेकरांना, ते लय गरजेचं हाय.

उत्तर ३:
बुरुंडीचे शाही ढोलबी दाखवा, 2014 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आले. मधात एक ढोल, बाकीचे अर्धगोलात. गावात कोरकू आदिवासी ढोलवाले आजोबा असतीन तर त्याच दिवशी बोलवा.