‘गर्भपात’ आणि ‘भ्रूणहत्या’: एकच का?

कऱ्हाडकर: आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर ‘स्त्रीभ्रूणहत्या महापाप’ असं रंगवलंय. परवा तिथंच एका बाईनं वहिनीला (ती आशाताई आहे) हळूच विचारलं, “दोन लेकरं हायती, तिसरं नगं. पाडलं तर पोलीस धरतील का?” गर्भपाताला कायद्यानं १९७१ पासून वाट दिलीय. मग हा घोळ शब्दाचा का?

माणदेशी: ‘पात’ म्हणजे पडणं, आपोआप. मुद्दाम केलेलं ते खरं तर ‘गर्भपातन’. आयुर्वेदात तर चौथ्या महिन्यापर्यंत ‘स्राव’, पुढं ‘पात’. बायकांच्या बोलीत फरक अजून शाबूत आहे: ‘पडलं’ आणि ‘पाडलं’. ‘भ्रूणहत्या’ मात्र धर्मशास्त्रातून आलेला, ब्रह्महत्येच्या पंगतीतला.

वाईची सून: आणि तो भिंतीवर आला लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमांतून. महाराष्ट्रानं १९८८ ला कायदा केला, केंद्रानं १९९४ ला. साताऱ्यात वर्षा देशपांडेंच्या लेक लाडकी अभियानानं तर गरोदर बायकांना पाठवून डॉक्टर पकडून दिले, त्याला तोड नाही. पण गावाला ‘पाप’ लगेच पटतं. सरपंच बोलतो, कीर्तनकार बोलतो. ‘बाईचा हक्क’ म्हटलं की सगळ्यांना अचानक कामं आठवतात! मोहीम गावात शिरली ती या शब्दाच्या बळावर, आणि त्याची किंमत तुमच्या त्या बाईनं मोजली. आता चळवळीतल्याही कितीतरी जणी ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा असं सांगतात.

मिरजवाला: सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला २०१७ मध्ये १९ भ्रूण सापडले. तेही गर्भपात करताना एक बाई दगावली म्हणून. त्याला हत्या नाही तर काय म्हणायचं?

वाईची सून: तिथला राग रास्तच आहे, दादा. पण पाटी वाचणारी ती स्वतःला लावून घेते. साधन फसून दिवस गेले असतील तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, हे कुठल्या भिंतीवर आहे?

माणदेशी: कायद्यातही शब्दच हलले. याच कलमात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ होतं, २०२१ ला ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ झालं. काही ठराविक बायकांना असलेली २४ आठवड्यांची मुभा सर्वोच्च न्यायालयानं २०२२ ला अविवाहितेलाही दिली, त्यात या बदलाचा आधार घेतला.

कऱ्हाडकर: सरपंच ‘महापाप’ पुसू देईनात. खाली हातभर जागा आहे. ‘लिंग तपासणं गुन्हा. गर्भपात कायद्यात बसतो, आत विचारा.’ पेंटर अक्षरावर पैसे घेतो, अजून आखूड होईल का?