खांद्यामागचा नेम आणि मचाण

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना ‘खांद्यामागे नेम धरा’ असा सल्ला देतात, पण तो व्हाइटटेल (अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं) हरीण पूर्ण आडवं, म्हणजे आपल्याकडे कूस करून उभं असेल तरच. तेव्हा पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर यायचं नि छातीच्या खालच्या तृतीयांशाशी थांबायचं. ते तिरकं, तोंड पलीकडे करून असेल तर अलीकडचा खांदा विसरा. बाण पलीकडच्या पुढच्या पायापाशी निघेल असा धरा. शिरण्याची जागा बरीच मागे येते, डोळ्याला चुकीचीच वाटते.

मचाणावरून नेम धरण्याचं मात्र कुणी बोलत नाही. जनावर थेट खाली आलं की कोन इतका उभा होतो की बाण एकाच फुफ्फुसातून जातो, आणि तेवढ्यावर हरीण फार लांब पळून हातचं जातं. दहा-पंधरा मीटर पुढे जाऊ द्यावं. समोरून तिरकं असेल तर बाण सोडूच नये, खांद्याचं हाड आडवं येतं.