प्रतिसाद: सगळे रावबहादूर खुशमस्करे नव्हते

वरती कुणी तरी म्हटलंय की रावसाहेब, रावबहादूर हे इंग्रज सरकारचे किताब मिळवणारे म्हणजे सरकारचे खुशमस्करेच. हे मला पटत नाही. रावबहादूर गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, इथे नाशकात न्यायाधीश होते. स्वतःच्याच समाजाचे दोष त्यांनी शतपत्रांत किती परखडपणे मांडलेत! रावबहादूर महादेव गोविंद रानडेही (न्यायमूर्ती रानडे) १८७८ला बदलून नाशकात आले. किताब असूनही सरकारचा त्यांच्यावरचा संशय गेला नव्हता.

बाकी किताबांच्या पायऱ्या अशा: आधी रावसाहेब, वर रावबहादूर, त्याहून वर दिवाणबहादूर. उत्तरेत ‘राव’ऐवजी ‘राय’, मुसलमान आणि पारशांना ‘खान’. १९२०च्या असहकारात मात्र किताब परत करणं हा कार्यक्रमाचाच एक भाग होता. ज्यांनी तेव्हा ते परत केले, त्यांचा मला मनापासून आदर वाटतो.