मदत हवी आहे: घोड्यांचा पोटशूळ थांबतच नाहीये, काय द्यावं?

चौखूर
लवकर उत्तर हवं आहे. गेले कित्येक आठवडे घोडीचं पोट दुखणं थांबत नाहीये. पुढच्या पायाने जमीन उकरते, मान वळवून कुशीकडे बघत राहते, वरचा ओठ मुडपते, बसते, उठते, मग लोळायला लागते. डॉक्टर येतात, इंजेक्शन देतात, थोड्या वेळाने लीद टाकते आणि खायला लागते. काही दिवस बरे जातात की पुन्हा तेच. आता दुसऱ्या घोड्यालाही तसंच सुरू झालंय, आणि तिसऱ्याला ताप आहे. जंताचं औषध झालेलं आहे, दाणा उत्तम प्रतीचा आहे. हे दुखणं कायमचं जाईल असं एखादं औषध, पूड, काढा, जे असेल ते सांगा.

खरारा
आत्ता या क्षणी कुणाला दुखतंय का? दुखत असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, धागा नंतर वाचा.

नसेल तर हे सांगा: एकूण घोडे किती, वयं काय, दिवसभर बांधलेले असतात की मोकळे? गवत किती, दाणा किती आणि दिवसातून कितीदा? पाणी किती पितात? दात शेवटचे कधी तपासले? जंताचं कुठलं औषध, कधी? दुखायला लागतं तेव्हा नाडी किती असते? "दाणा उत्तम" यावरून काहीच कळत नाही हो.

जुनी_पागा
एवढ्या चौकश्या कशाला? आमच्या घरात आजोबांपासून घोडे आहेत. पोट दुखलं की बाटलीने तेल पाजायचं आणि लीद पडेपर्यंत चालवत ठेवायचं. बसू द्यायचं नाही. बहुतेक घोडे एवढ्यानेच उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

रिकीब
जुनी_पागा, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, बाटलीने तेल कुणीही पाजू नका. पॅराफिनच्या तेलाला चव नसते, घोड्याला ते घशात आल्याचं नीट जाणवत नाही आणि सरळ फुफ्फुसात जातं. मग पोटाचं दुखणं राहतं बाजूला आणि घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर तेल देतात ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून.

त्या नळीचं दुसरं काम आणखी मोठं आहे. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचं. पुढे आतडं अडलं की सगळं मागे येऊन तिथे तुंबतं. अशा वेळी नळीतून ते बाहेर काढलं नाही तर जठर फुटू शकतं. त्यात तुम्ही वरून आणखी तेल ओतायला सांगताय.

जुनी_पागा
आमचा एकही घोडा तेलाने मेला नाही. डॉक्टर पोचायला उशीर होतो तेव्हा माणसाने नुसतं बघत बसायचं का?

दावण
चालवण्याबद्दल माझं वेगळं मत आहे. शांत उभा असेल किंवा आडवा पडून निवांत असेल तर पडू द्या. जोरात लोळून स्वतःला इजा करून घेत असेल तर थोडं हळू चालवा. तासन्‌तास फरफटत नेलं तर तो थकतो आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्यात जोर उरत नाही. लोळल्यामुळेच आतड्याला पीळ पडतो असंही नाही, बऱ्याचदा पीळ आधी पडलेला असतो म्हणून तो लोळतो.

चौखूर, मी मात्र तुम्हाला कोंड्याची गरम पेज सुचवेन. आठवड्यातून एकदा, थोडं मीठ घालून. पोट साफ राहतं.

रिकीब
आठवड्यातून एकदाच वेगळं खाणं म्हणजे आठवड्यातून एकदा अचानक बदल. घोड्याचं मोठं आतडं जिवाणूंच्या जोरावर चालतं. ते जिवाणू रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात, नव्या खाण्याला सरावायला त्यांना एक-दोन आठवडे लागतात. पेज द्यायचीच तर थोडी थोडी रोज द्या, नाहीतर देऊच नका. पोटात पाणी जावं एवढाच हेतू असेल तर गवत भिजवून द्या.

चौखूर
आत्ता दुखत नाहीये. पाच घोडे आहेत. घोडी 14 वर्षांची, दुसरा 9 वर्षांचा खच्ची, ताप आहे तो 3 वर्षांचा. बाकी दोघे ठणठणीत. दिवसा मैदानात मोकळे, रात्री तबेल्यात. गवत पोटभर, दाणा दोन वेळा. पाणी टाकीतलं, हवं तेवढं. नाडी मी बघत नाही, डॉक्टर बघतात. पण मी औषध विचारलं होतं, ते कुणीच सांगत नाहीये.

नालबंद
आधी खूर बघा! घोडा सारखा बसतो, उभा राहायला कुरकुरतो, याचं कारण नेहमी पोटच असतं असं नाही. खुरांचा दाह असला तरी तो असाच वागतो. खुराला हात लावा, गरम लागतोय का? खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठोकतेय का? पुढचे पाय पुढे टाकून, वजन मागच्या पायांवर घेऊन उभा राहतोय का? असं असेल तर खुराचं पुढचं टोक वाढलेलंही असू शकतं. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटलेच पाहिजेत. लोक नाल झिजेपर्यंत थांबतात आणि तोवर सगळं बिघडतं. मी तर म्हणतो...

खरारा
नालबंद, घोडी इंजेक्शननंतर लीद टाकून चरायला लागते असं त्यांनी लिहिलं आहे. खूर जरूर बघावेत, पण इथे मुद्दा पोटाचा आहे.

चौखूर, औषध कुणी सांगत नाही कारण पोटशूळ हा एक आजार नाही. वायू धरणं, आतड्याला पेटके येणं, लीद अडकणं, वाळू साचणं, आतडं जागेवरून सरकणं किंवा पिळणं, जठरात व्रण, जंत, बाहेरून हे सगळं जवळपास सारखंच दिसतं. पेटक्यांवर चालणारं औषध पिळाला उपयोगाचं नाही. पुन्हा पुन्हा येतंय म्हणजे कारण जागच्या जागी आहे आणि इंजेक्शन फक्त दुखणं थांबवतंय.

नाडी मोजायला शिकाच. जबड्याच्या हाडाखालून जाणाऱ्या धमनीवर बोट ठेवा. निवांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. 60 च्या वर गेली तर वाट बघू नका. हिरडीवर बोट दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरड्या विटकरी किंवा जांभळट दिसल्या तर मामला गंभीर आहे. फोनवर एवढं सांगितलंत तरी धाव किती तातडीची आहे ते डॉक्टरांना कळतं.

आता नीट आठवून सांगा: दोन घोड्यांना होतंय आणि दोघांना काहीच नाही, तर या दोघांचं वेगळं काय? तेच गवत, तेच पाणी, मग जागा वेगळी, वय वेगळं, की खाण्याची पद्धत?

दावण
तोवर फ्लुनिक्सिन हे दुखणं थांबवणारं औषध घरात ठेवा. मी ठेवतो. रात्री-अपरात्री फार उपयोगी पडतं.

रिकीब
ठेवा, पण डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय देऊ नका, आणि दिलं असेल तर ते आल्याबरोबर सांगा. ते दुखणं झाकतं. आतडं पिळलेलं असलं तरी घोडा काही तास शांत दिसतो, आणि शस्त्रक्रियेची वेळ त्याच काही तासांत निघून जाते. स्नायूत तर मुळीच टोचू नका, त्या जागी जिवाणूंचा भयंकर संसर्ग होऊन मांस सडल्याची उदाहरणं आहेत. अशी औषधं वारंवार दिली तर जठरात आणि मोठ्या आतड्यात व्रण पडतात आणि त्यानेच नवा पोटशूळ सुरू होतो. चौखूर, घोडीला आजवर किती वेळा दिलं गेलंय ते डॉक्टरांना विचाराच.

सूक्ष्मदर्शी
"जंताचं औषध झालेलं आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. कुठलं झालं? साध्या जंतांवरच्या बऱ्याच औषधांनी फीतकृमी मरत नाहीत, त्यांना प्राझिक्वाँटेल किंवा पायरँटेलची दुप्पट मात्रा लागते. हे फीतकृमी लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं नेमके तिथेच चिकटतात, आणि पेटक्यांचा पोटशूळ वारंवार येण्याचं ते ठाऊक असलेलं कारण आहे. लिदीतल्या अंड्यांच्या मोजणीत ते पुष्कळदा सापडतही नाहीत, त्यासाठी रक्ताची किंवा लाळेची वेगळी तपासणी असते.

तरीही अंड्यांची मोजणी करूनच औषध द्या. डोळे झाकून दर दोन महिन्यांनी सगळ्यांना पाजल्यामुळेच जंत औषधांना दाद देईनासे झालेत.

जुनी_पागा
आम्ही ठरलेल्या महिन्यांना सगळ्यांना एकदम पाजतो. मोजत बसलो तर तबेला कोण सांभाळणार?

सूक्ष्मदर्शी
कळपात बहुतेक अंडी थोड्याच घोड्यांकडून येतात. ते कोण हे कळलं की बाकीच्यांचं औषध वाचतं. काम वाढत नाही, कमी होतं.

शिंगरूप्रेमी
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या पाच महिन्यांच्या शिंगराला जंताचं जोरदार औषध एकदम द्यावं का? पोट खूप सुटलंय.

सूक्ष्मदर्शी
ताई, थांबा. शिंगरांत गोलकृमी खूप असले आणि एकदम मेले तर त्यांच्या गुंत्यानेच आतडं बंद होतं. आधी लीद तपासा, औषध डॉक्टरांना निवडू द्या. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

मोकळं_रान
चौखूर, मैदान कसं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. गवत उरलंय का त्यात? माती कसली? सुकं गवत टाकता कुठे?

चौखूर
मैदानात आता हिरवं काही नाही. रेताड जमीन आहे, पण ती आधीपासूनच तशी आहे. गवत तिथेच जमिनीवर टाकतो, सगळे खातात. घोडी आणि खच्ची मात्र शेवटची काडी संपली तरी ओठांनी जमीन चाचपत राहतात, बाकीचे दोघे पोट भरलं की बाजूला होतात. लीद मध्येच पातळ होते, मग परत घट्ट. याचा काही संबंध आहे का?

मोकळं_रान
आहे, फार मोठा आहे. आजच करा: ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे घ्या, जमिनीला टेकलेले नकोत, ढिगाच्या वरचे घ्या. पारदर्शक पिशवीत किंवा काचेच्या भांड्यात भरपूर पाणी घालून ढवळा आणि वीस मिनिटं स्थिर ठेवा. तळाला काय बसतं ते बघा. दोन्ही घोड्यांची वेगवेगळी करा, आणि ठणठणीत असलेल्यांचीही करा म्हणजे तुलना होईल. एकदा वाळू दिसली नाही म्हणून पोटात नाही असं मात्र समजू नका, घोडा ती रोज बाहेर टाकत नाही.

मोठ्या आतड्यात वाळू तळाला साचते, अस्तराला घासत राहते. म्हणून कधी पातळ लीद, कधी दुखणं. मग एखाद्या दिवशी ती वाटच बंद करते.

खरारा
हेच कारण असण्याची शक्यता मलाही मोठी वाटते. पण तिसऱ्या घोड्याला यात मिसळू नका. त्याचा ताप किती, लीद कशी?

चौखूर
घोडीच्या लिदीखाली बोटाच्या पेराएवढा वाळूचा थर बसला. खच्चीच्या थोडा कमी. बाकी दोघांच्या नुसती धूळ. डॉक्टरांना कळवलंय, उद्या सकाळी येणार आहेत. तिसऱ्याचा ताप 39.4 सेल्सिअस, लीद पाण्यासारखी, खाणं कमी. त्यालाही वाळूच का?

खरारा
वाळूने एवढा ताप सहसा येत नाही. नेहमीचं तापमान 37.5 ते 38.5 असतं. ताप आणि पाण्यासारखी लीद एकत्र म्हणजे संसर्ग धरूनच चाला, तपासणीत दुसरं काही निघेपर्यंत. आजच त्याला वेगळं बांधा. त्याची बादली, खरारा, फावडं वेगळं. बाकीच्यांचं काम आधी, त्याचं सगळ्यात शेवटी, नंतर बूट आणि हात धुवा. साल्मोनेला असेल तर तो माणसालाही होतो, लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. लीद तपासायला द्याल तेव्हा एकावर थांबू नका. हा जिवाणू थांबून थांबून बाहेर पडतो, म्हणून वेगवेगळ्या वेळचे अनेक नमुने घेतात. पाणी भरपूर ठेवा, शेजारी एका बादलीत क्षारांचं पाणी. डॉक्टरांना उद्यापर्यंत थांबवू नका, याच्यासाठी आजच बोला.

आणि दाणा जिथे दळतात तिथे गुरांचं किंवा कोंबड्यांचं खाद्यही बनतं का? त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं, ते अगदी थोडं मिसळलं तरी घोड्याच्या हृदयाला घातक आहे.

सूक्ष्मदर्शी
3 वर्षांचा आहे म्हणून एक भर. तरुण घोड्यांत लहान लाल कृमींच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात आणि एकदम बाहेर पडल्या की असाच जुलाब होतो. औषध दिल्यानंतरही होतो. अंड्यांच्या मोजणीत त्या दिसत नाहीत. पोटाखाली सूज आहे का बघा.

चौखूर
डॉक्टर रात्रीच येऊन गेले. दाणा फक्त घोड्यांचाच बनतो, विचारून घेतलं. तरुण घोड्याला वेगळं बांधलंय, शिरेतून पाणी चालू आहे, रक्त आणि लिदीचे नमुने पाठवलेत. पोटाखाली थोडी सूज आहे, तेही त्यांना दाखवलं. घोडीच्या पोटाला छातीच्या हाडामागे स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, वाळू सरकल्याचा आवाज स्पष्ट येतोय म्हणाले. दोघांना काही दिवस नळीने इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र देणार आहेत. मला या दोघांनाही कुठल्याही परिस्थितीत वाचवायचं आहे, घोडी तर घरात जन्मली आहे. इसबगोल मी नंतर दाण्यातून रोज देत राहू का?

जुनी_पागा
घोडी बरी होऊ दे. इसबगोल मीही देतो, ते चांगलं.

मोकळं_रान
रोज नको, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, मध्ये खंड देऊन. आतड्यातले जिवाणू त्याला सरावले की ते तिथेच फस्त करतात, मग उपयोग राहत नाही. मात्रा वजनावर ठरते. आणि भिजवून ठेवलं तर चिकट लगदा होतो, घोडे खात नाहीत. थोड्या दाण्यात कालवून लगेच पुढे करा.

वाळू पोटातून हलवायला सगळ्यात मोठी मदत गवताचीच. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 8 ते 10 किलो सुकं गवत मिळतंय का, एकदा वजन करून बघा. "पोटभर" या हिशेबात घोडीला बहुतेक कमी पडतंय, म्हणूनच ती जमीन चाचपतेय.

चौखूर
उद्या वजन करतो. गवत कशात ठेवू? जाळी टांगू की खाली रबरी चटई टाकू?

रिकीब
दोन्ही करा. जाळी रिकामी झाली की खाली लोंबते, खूर अडकणार नाही इतकी उंच बांधा. जाळीतून पडलेलं गवत ते खालूनच वेचतात, म्हणून चटई जाळीच्या खालीच आणि चांगली मोठी हवी. ती रोज झाडून घ्या, नाहीतर वाळू तिच्यावरच साचते.

नालबंद
झाडताना खुरांवरूनही एकदा हात फिरवा.